आडदांड टीम म्हटलं की आपली पोरं बॉल का सोडतात?

डावाबॅक | रविवार, रात्री ९:५२

आज कोल्हापुरात शाहू स्टेडियमला चारची फुटबॉल मॅच बघून आलो. टीमांची नावं घेत नाही. मला याच गावात राहायचं आहे आणि सकाळी दूध कट्ट्यावर दोन्हीकडची माणसं भेटतात. एवढं सांगतो की एक टीम ‘आडदांड’ म्हणून ओळखली जाते. ‘त्यांच्याशी खेळायचं म्हणजे नडगीला दोन-दोन पॅड लावून जा’ हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय. दुसरी टीम पासिंगची, पोरसवदा, यंदा लीगमध्ये डोळ्यात भरण्यासारखी खेळलेली.

पहिल्या हाफला मी मुद्दाम मोजलं. आडदांड टीमचे फाऊल चार. त्यातला एक हँडबॉल. कुणाला लागलं नाही, कार्ड निघालं नाही. तरी पासिंगवाली पोरं बॉल पायाशी आला की तापला तवा हाताला लागल्यागत सोडून देत होती. त्यांचा दहा नंबर एरवी बॉल घेऊन असा वळतो की गॅलरी उभी राहते. आज एकदाही वळला नाही. पाठीमागं पंधरा पावलांत कुणी नाही आणि हा पहिल्या टचला मागं पास देतोय! विंगरनं तीन वेळा धाव अर्ध्यात तोडली, बॉल त्याच्याच जवळ असताना. निकाल १-०. गोल कसा झाला? पासिंगवाल्यांच्या बॅकनं घाबरून क्लिअर केलेला बॉल सरळ समोरच्या फॉरवर्डच्या पायात.

आता खरी गंमत. ती टीम आडदांड राहिलेलीच नाही. ज्या दोन स्टॉपरांमुळं (मधल्या बचावपटूंमुळं) हे नाव पडलं त्यांनी बूट टांगून सहा-सात वर्षं झाली. त्यातला एक आज माझ्या दोन पायऱ्या खाली बसून शेंगदाणे खात होता. आताची पोरं साधी, सुटसुटीत खेळतात. पण समोरचे अजून त्या शेंगदाणेवाल्याशीच खेळालेत.

मी स्वतः दहा वर्षं लेफ्ट बॅक खेळलोय, त्यामुळं पायातली भीती मला लांबून ओळखू येते. नुसत्या नावाचा इतका परिणाम होतो का? का मी उगं कथा रचतोय? तुमचे अनुभव सांगा.

रंकाळ्याचा वारा | रविवार, रात्री १०:०५

शेंगदाणेवाल्याला नुसतं टचलाइनवर वॉर्मअप करायला लावला असता तर ३-० झालं असतं.

आकडेमोड | रविवार, रात्री १०:३१

डावाबॅक, मॅच मी पाहिलेली नाही (पुण्यात असतो), पण एका मॅचवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं बरोबर वाटत नाही. दहा नंबर आजारी असेल. मैदान कडक असेल, बॉल उसळत असेल. लीगची शेवटची मॅच असेल तर कुणाला काही पडलंही नसेल. हरल्यावर कारण शोधायचं ठरवलं की सापडतंच.

बरं, तुम्ही म्हणता फाऊल चारच झाले म्हणजे टीम आडदांड नाही. हे उलटंही असू शकतं. समोरचा बॉलसाठी भिडलाच नाही तर फाऊल होणार कुणावर? चार हा आकडा त्यांच्या सभ्यपणाचा नसून समोरच्यांच्या माघारीचा असेल.

डावाबॅक | रविवार, रात्री १०:४४

आकडेमोड, तुमचा दुसरा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य. पण त्यानं तुमचाच पहिला मुद्दा पडतो की ओ! माघार घेतली म्हणताय, मग कशामुळं घेतली?

मैदान कडक होतं हे खरं. पण ते दोन्ही टीमांना कडकच होतं.

लाल माती | सोमवार, सकाळी ६:१५

पोरांनो, फुटबॉल आमच्या गावात आला तो तालमीत आला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं बघा, सगळ्यांच्या पुढं ‘तालीम मंडळ’ आहे. त्यामुळं याचं उत्तर कुस्तीत आधीच मिळालेलं आहे.

माझ्या उमेदीत एक पैलवान होता. नाव सांगत नाही, घरची माणसं आहेत. त्याची ढाक, म्हणजे समोरच्याला फेकायचा डाव, अशी प्रसिद्ध की पंचक्रोशीत ‘ढाकवाला’ म्हटलं की तोच. एका हंगामात त्याचा खांदा दुखावला. ढाक मारायची ताकदच राहिली नाही. हे आम्हा तालमीतल्या चौघा-पाच जणांनाच ठाऊक. आणि त्या हंगामात त्यानं आधीपेक्षा जास्त कुस्त्या मारल्या! कशा? समोरचा गडी हात धरला की लगेच वरचं अंग चोरायचा. सगळं ध्यान खांद्याकडं. ढाक येणार, आता येणार, म्हणून ताठ उभा. तेवढ्यात हा खाली वाकून एकेरी पट काढायचा, म्हणजे एक पाय ओढून पाडायचा. गडी आभाळाकडं बघत पडलेला.

पण आमचे वस्ताद हुशार. खांदा बरा झाल्यावर त्याला म्हणाले, वर्षातनं एकदा तरी खासबागेच्या कुस्ती मैदानात चारचौघांदेखत ढाक मारून दाखव. नाहीतर लोक विसरतील, आणि विसरले की तुझा पटही लागायचा नाही.

तुमच्या त्या टीमनं गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाला तरी एकदा आडवा केला असणार. आठवून बघा.

डावाबॅक | सोमवार, सकाळी ८:२०

लाल माती काका, नमस्कार. आठवलं. गेल्या वर्षी नॉकआऊटच्या एका मॅचला एक जोरदार टॅकल झालं होतं, पोराला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पंचांनी फाऊलसुद्धा दिला नव्हता, बॉल आधी लागला होता म्हणून. त्याचा व्हिडिओ आठवडाभर पेठांच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होता. म्हणजे तीच त्या वर्षाची ढाक.

गोलकीपरीण | सोमवार, दुपारी १:१०

काका, काय लिहिलंय! हे आमच्या पोरींना वाचून दाखवणार.

मी कॉलेजला गोलकीपर होते, आता एका शाळेत मुलींना शिकवते. ढाकेवरून मला रोरी डेलॅप आठवला. २००८ मध्ये स्टोक सिटी प्रीमियर लीगमध्ये वर आली तेव्हा या माणसाचा थ्रो-इन हे त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार होतं. शाळेत भालाफेक करायचा. टचलाइनवरून हातानं टाकलेला बॉल सपाट आणि वेगानं थेट गोलसमोर. अंगातल्या बनियननं बॉल पुसायचा, मग टाकायचा. त्या पुसण्यातच समोरच्यांचा अर्धा जीव जायचा. १ नोव्हेंबरला आर्सेनल तिथं २-१ हरली, स्टोकचे दोन्ही गोल या थ्रोवरून.

पण मला आवडतो तो त्याच महिन्यातला हल सिटीचा किस्सा. हलचा गोलकीपर बोआझ मायहिल. बॉल त्याच्या पायाशी, बाजूला टचलाइन. कुठलाही गोलकीपर अशा वेळी बॉल डोळे झाकून बाहेर मारतो, थ्रो-इन गेला तर गेला. यानं विचार केला आणि बॉल स्वतःच्या गोललाइनबाहेर मारून कॉर्नर दिला! थ्रो-इनवर थेट गोल होत नाही, कॉर्नरवर होतो. नियमानं बघितलं तर त्यानं जास्त धोक्याची गोष्ट निवडली. आणि त्याच मॅचमध्ये हलचा राखीव खेळाडू डीन विंडास डेलॅपच्या पुढ्यात वॉर्मअप करत नाचत होता, त्याचं लक्ष उडवायला. पिवळं कार्ड खाल्लं.

गोलकीपर म्हणून सांगते, मायहिलला हसू नका. नावाजलेला थ्रो येणार हे माहीत असलं की पाय जमिनीत रुततात. बाहेर यावं तर वाटतं चुकेल, थांबावं तर वाटतं उशीर झाला. एरवी जे न विचार करता होतं ते विचार करून करायला लागतं, आणि मग हमखास चुकतं. डावाबॅकदादांच्या दहा नंबरचं तेच झालं असणार.

आकडेमोड | सोमवार, दुपारी २:०२

ताई, किस्सा मस्त. पण डेलॅपचा थ्रो खरोखरच धोकादायक होता. तिथं नावामागं हत्यार होतं. मूळ प्रश्न हत्यार नसलेल्या नावाचा आहे.

२०१६ च्या युरोमध्ये आइसलँडचा गुनारसन असेच लांब थ्रो टाकायचा. इंग्लंडला हे पुरतं माहीत होतं. तरी सहाव्या मिनिटाला थ्रो आला, अर्नासननं डोक्यानं पुढं सरकवला, सिगुर्डसननं गोल मारला. माहीत असणं आणि थांबवता येणं वेगळं. २-१ हरले.

बार्सावेडा | सोमवार, संध्याकाळी ७:३०

इथं बार्सिलोनाचं नाव अजून कसं आलं नाही? टिकीटाका (छोट्या-छोट्या पासांचा खेळ) ऐन भरात असताना समोरच्या टीमा बॉल मिळाला तरी ठेवत नव्हत्या. आपल्याला बॉल ठेवता येणार नाही हे आधीच ठरवून यायचे. मग नव्वद मिनिटं सावलीमागं पळायचं. अर्धी लढाई तिथंच संपायची.

ज्यांनी हे उलटवलं ते बघा. २०१० ची चॅम्पियन्स लीग सेमीफायनल. मोरीन्योच्या इंटरनं मिलानमध्ये ३-१ मारलं. परतीच्या मॅचला कॅम्प नोऊवर २८ व्या मिनिटाला मोट्टाला रेड कार्ड, दहा जणांत खेळले, फक्त १-० हरले आणि फायनलला गेले. त्यांनी बॉल सोडला, पण भीतीनं नाही, ठरवून सोडला. बॉल तुमचा, जागा आमची. २०१२ मध्ये चेल्सीनं तेच केलं. टेरीला रेड कार्ड, मेस्सीनं पेनल्टी बारवर मारली, शेवटी टोरेस एकटा पळत गेला, २-२.

म्हणजे नाव ऐकून माघार घेणारे दोन प्रकारचे. एक सोडून देतात, दुसरे सोडल्यासारखं करतात.

रंकाळ्याचा वारा | सोमवार, संध्याकाळी ७:४१

बार्सावेडा स्वतःच्या टीमच्या हरलेल्या मॅचेस इतक्या प्रेमानं सांगताना पहिल्यांदाच बघालोय. भावा, तब्येत बरी आहे न्हवं?

बार्सावेडा | सोमवार, संध्याकाळी ७:४४

जखम आहे ती. दाखवायची तर नीट दाखवतो.

शिट्टीमास्तर | सोमवार, रात्री ९:२०

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. शालेय आणि तालुका पातळीवर बारा वर्षं पंच म्हणून काम केलं आहे.

सगळे समोरच्या टीमबद्दल बोलत आहात. मैदानात तिसरा माणूसही असतो, त्याच्याही कानावर नाव गेलेलं असतं. यावर ब्रिटनमध्ये एक छान प्रयोग झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. ३८ पंचांना चित्रफितीवर ५० प्रसंग दाखवले. सगळ्यांत निळ्या कपड्यातली एक टीम. काही प्रसंगांत चूक निळ्यांची, काहींत समोरच्यांची, काही धूसर. अर्ध्या पंचांना आधीच सांगून ठेवलं की ही निळी टीम आक्रमक, दांडगाई करणारी म्हणून प्रसिद्ध आहे. उरलेल्यांना काही सांगितलं नाही. दोन्ही गटांनी निळ्यांचे फाऊल जवळपास सारखेच धरले. फरक कार्डांत पडला. ज्यांच्या कानावर नाव गेलं होतं त्यांनी निळ्यांना पिवळी आणि लाल कार्डं जास्त दाखवली.

म्हणजे चूक दिसते तेवढीच, पण शिक्षा नावाप्रमाणे. हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला. कारण माझीच एक सवय. साध्या मॅचला मी कार्डं मागच्या खिशात ठेवतो. ‘त्या’ टीमांची मॅच असली की शर्टाच्या खिशात, हाताशी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही धड माहीत नव्हतं, बायकोनं शर्ट धुताना विचारलं तेव्हा कळलं.

उलटंही होतं. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझील-कोलंबिया मॅचला ५४ फाऊल झाले, त्यातले ३१ ब्राझीलचे. एवढे फाऊल दुसऱ्या एखाद्या टीमनं केले असते तर जन्माचं नाव पडलं असतं. पण पिवळा शर्ट म्हणजे सुंदर खेळ, हे आपण लहानपणापासून भिंतींवर रंगवलंय.

रंकाळ्याचा वारा | सोमवार, रात्री ९:३३

आता अर्जेंटिनावाले येणार बघा. तीन, दोन, एक...

निळापांढरापट्टा | सोमवार, रात्री ९:४०

मास्तर एकदम बरोबर बोलले. ब्राझील म्हणजे नुसतं नाव आणि कटआऊट. त्याच विश्वचषकात जर्मनीकडनं ७-१.

पाचतारे | सोमवार, रात्री ९:४२

आणि २०२२ च्या विश्वचषकात सौदीनं काय केलं ते विसरला काय? ३६ मॅचेस न हरलेली तुमची टीम. सगळं जग म्हणत होतं सौदीवाले गोलसमोर बस उभी करणार. त्यांनी बॅकलाइन पार मधल्या रेषेकडं आणून ठेवली. पहिल्या हाफमध्ये तुमचे तीन गोल ऑफसाइड. २-१. आमच्या गल्लीत त्या दुपारी तुमच्या पोरांनी कटआऊटवर चादर टाकली होती.

निळापांढरापट्टा | सोमवार, रात्री ९:४३

आणि महिन्याभरात ती चादर काढून कप बघितला. तुम्ही क्वार्टरला घरी.

डावाबॅक | सोमवार, रात्री ९:५८

बास बास. विश्वचषकाचे फ्लेक्स गल्लीत लावा, इथं नको. पण सौदीचं उदाहरण या धाग्याला नेमकं लागू पडतं. नावाला घाबरून मागं बसायचं सोडून पुढं येऊन बसले. चूक झाली असती तर आठ-शून्य झालं असतं. त्याला जिगर लागते.

मास्तर, खिशाची गोष्ट आमच्या घरी दोनदा मोठ्यानं वाचली.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ११:१५

शिट्टीमास्तरांनी दिलेला प्रयोग मला पटला, कारण तिथं नाव खोटं होतं आणि प्रसंग तेच होते. हाच पुरावा मी मागत होतो. एक पाऊल मागे घेतो.

त्यात एक भर घालतो. नाव समोरच्यालाच नाही, ज्याचं आहे त्यालाही खातं. पेनल्टी शूटआऊट बघा. विश्वचषकात जर्मनीच्या पुरुष टीमनं चार शूटआऊट खेळले, १९८२, १९८६, १९९०, २००६, आणि चारही जिंकले. इंग्लंडचं बरोबर उलट, १९९० पासून बरीच वर्षं हरण्याचीच ख्याती होती. नॉर्वेचे अभ्यासक गेयर योर्डेट यांनी दाखवलंय की शिट्टी झाल्यावर सगळ्यात घाईनं पेनल्टी मारणाऱ्यांत इंग्लंडचे खेळाडू असायचे. एकदाचं उरकून टाकू, अशी घाई. समोर गोलकीपर कोणीही असो, ते स्वतःच्या नावाविरुद्ध मारत होते.

२००६ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध जर्मन गोलकीपर लेहमाननं मोज्यात चिठ्ठी ठेवली होती, कोण कुठं मारतो याची. शेवटचा कांबियासो आला. चिठ्ठीत त्याचं नावच नव्हतं. लेहमाननं तरी चिठ्ठी काढली, सावकाश वाचल्यासारखं केलं, परत मोज्यात घातली. पेनल्टी अडवली. जर्मन म्हणजे तयारीचे, हे नाव त्या कांबियासोपुरत्या कोऱ्या चिठ्ठीत होतं.

लाल माती | मंगळवार, दुपारी १२:३०

हा लेहमान आमच्या वस्तादांचा चेला शोभला असता.

गोलकीपरीण | मंगळवार, दुपारी ३:४५

माझ्या पोरींचं सांगते, उलट्या बाजूचं. आमची शाळा शहराबाहेरची. दोन वर्षांपूर्वी आंतरशालेय स्पर्धेला गेलो तेव्हा निम्म्या पोरींकडं स्टड नव्हते, साधे कॅनव्हासचे बूट. समोर शहरातली नावाजलेली शाळा, किट एकसारखं, पाण्याच्या बाटल्यासुद्धा एका रंगाच्या. त्यांच्या सरांनी आमच्याकडं बघून राखीव पोरी उतरवल्या. पहिल्या हाफला आम्ही दोन गोल मारले. दुसऱ्या हाफला त्यांनी मुख्य टीम आणली, पण तोवर त्या पोरी बावचळल्या होत्या. बारक्या म्हणून ज्यांना बघितलं त्या अंगावर येतायत म्हटल्यावर काय करायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. जिंकलो.

पण पुढच्या वर्षी तसं झालं नाही हो. ‘त्या खेडवळ पोरी लई पळतात’ असं नाव झालं. समोरच्यांनी आम्हाला पळायला जागाच ठेवली नाही, ०-० आणि टायब्रेकरला हरलो. एका वर्षात आमचं गुपित संपलं.

बार्सावेडा | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

ताई, तुमच्या समोरच्या शाळेसारखंच १९५४ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीनं मुद्दाम केलं होतं. साखळी मॅचला हंगेरीविरुद्ध दुय्यम टीम उतरवली, ८-३ मार खाल्ला. फायनलला पुन्हा तीच हंगेरी, वर्षानुवर्षं न हरलेली. यावेळी खरी टीम. दोन गोलनं मागं पडून ३-२ जिंकले. प्रशिक्षक हेरबर्गर. एवढा मोठा मार खाऊन पुन्हा त्याच टीमसमोर बिनधास्त उभं राहायचं, हे मला जास्त कठीण वाटतं.

दुसरं, १९६७ च्या युरोपियन कप फायनलचं ग्लासगोचं सेल्टिक. समोर इंटर, गोल घातला की दार लावून घेणारी टीम, जगात तेच नाव. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर इंटर १-०. लोकांनी मॅच संपली असंच धरलं. सेल्टिकनं दार वाजवायचं थांबवलंच नाही, २-१. आणि त्या टीममधले सगळे ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. म्हणजे इथून सांगलीपर्यंतची पोरं घेऊन युरोप जिंकल्यासारखं.

रंकाळ्याचा वारा | मंगळवार, संध्याकाळी ६:११

सांगलीची कशाला? पंचगंगा ओलांडायची गरज नाही.

दहानंबर | मंगळवार, रात्री १०:४८

नवीन आयडी काढलाय या धाग्यासाठी. रविवारी मी खेळत होतो. कोण ते आयडीवरून कळेल. दादा, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून दोन दिवस झोप नाही.

आजारी नव्हतो. मैदान कडक होतं, पण त्याचं काही नाही, आम्ही रोज गांधी मैदानावर सराव करतो, तिथं यापेक्षा वाईट आहे.

मॅचच्या आधी आमच्या कोचनी फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “पुढच्या आठवड्यात नॉकआऊट सुरू आहे, आज पाय सांभाळा.” वाईट हेतूनं नाही म्हणाले. पण ते ऐकलं आणि मला गेल्या वर्षीचा तो स्ट्रेचरचा व्हिडिओच दिसायला लागला. घरातनं निघताना आईनंही विचारलं होतं, आज त्यांच्याशीच आहे ना रे? माझा मामा जुन्या काळी त्या टीमशी खेळताना पाय मोडून घेऊन आलेला. सहा महिने प्लास्टर. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, मला आठवतसुद्धा नाही, पण घरात ती गोष्ट दर दिवाळीला निघते.

पहिल्या मिनिटाला बॉल आला. मी वळणार होतो, खरंच. मागं बूट घासल्याचा आवाज आला आणि बॉल कधी मागं दिला कळलं नाही. नंतर बघितलं तर तो आमचाच राइट बॅक होता, जागा बदलत होता. त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच. डोकं म्हणतंय वळ, पाय म्हणतोय दे.

गॅलरीतनं कुणीतरी ‘दहा नंबर झोपलाय’ म्हणून ओरडत होतं. झोपलो नव्हतो. लई जागा होतो.

डावाबॅक | मंगळवार, रात्री ११:०६

भावा, आधी सांगतो, ओरडणारा मी नव्हतो. आणि तुला नाव ठेवायला धागा काढला नव्हता.

माझीही एक कबुली. आमच्या टीमचं नाव ‘चिकट’ होतं. बॉल देत नाहीत, खेळू देत नाहीत, बघवत नाही. हे नाव कसं पडलं? एका मॅचला वळवाचा पाऊस आला, मैदानात पाणी, पास पुढं जाईना. आम्ही अकराच्या अकरा जण मागं थांबलो आणि ०-० काढली. मोठी टीम होती समोर. बास, तेव्हापासून चार वर्षं आम्ही चिकट. त्यानंतर आम्ही कितीही पुढं येऊन खेळलो तरी समोरचे पहिल्या दहा मिनिटांतच वैतागून लांबनं शॉट मारायला लागायचे. ‘यांच्यातनं आत शिरता येत नाही’ म्हणून. आत शिरायला माझ्या बाजूनं तर हमरस्ता होता! मी जगातला सगळ्यात हळू लेफ्ट बॅक. पण कुणी येऊन बघितलंच नाही. माझी निम्मी कारकीर्द त्या एका पावसावर निभावली.

पिवळंकार्ड | बुधवार, सकाळी ७:५०

मी त्या आडदांड टीमचा. स्टॉपर. आत्तापर्यंत गप्प वाचत होतो.

खोटं कशाला बोलू, नावाचा फायदा होतो. पहिली दहा मिनिटं फुकट मिळतात. समोरचा फॉरवर्ड आपोआप दोन पावलं लांब उभा राहतो. मी जरा दम टाकला की त्याला वाटतंय मी येतोय. रविवारी तुझ्या मागं पंधरा पावलांत कुणी नव्हतं, कारण माझा घोटा सुजला होता. तुझ्यापर्यंत पोचायची ताकद नव्हती मर्दा! तू वळला असतास तर मी नुसता बघत राहिलो असतो.

पण तोटा ऐका. शिट्टीमास्तरांनी लिहिलंय ते आम्ही दर रविवारी भोगतोय. तेच टॅकल दुसऱ्यानं केलं तर ‘खेळा’, आम्ही केलं तर हात खिशाकडं. आणि पंच परवडले, आमचे समर्थक त्यांच्या वरताण. मी मागं गोलकीपरला पास दिला की गॅलरीतनं आवाज, ‘तालमीचं नाव घालवलंस, हाण की!’ आमच्यात एक बारका मिडफिल्डर आहे, पायात जादू आहे त्याच्या. त्यानं दोघांना चकवलं तर टाळ्या नाहीत. कुणाला आडवा केला तर शिट्ट्या. आता तोही पाय टाकायला शिकालाय. ज्या दोघांमुळं नाव पडलं ते गॅलरीत शेंगदाणे खाणार, आणि कार्डं आम्ही खाणार.

दहानंबर, मामांच्या पायाचं वाचून वाईट वाटलं. ते आमच्या आधीच्या पिढीचं, तरी वाईट वाटलं.

शिट्टीमास्तर | बुधवार, सकाळी ९:१५

पिवळंकार्ड, तुमच्या मॅचला मी कधी पंच नव्हतो, तरी आजपासून कार्डं दोन्हीकडच्या मॅचला एकाच खिशात.

रंकाळ्याचा वारा | बुधवार, सकाळी ९:२२

मास्तर, शर्ट धुवायला टाकायच्या आधी काढा म्हणजे झालं.

दहानंबर | बुधवार, दुपारी ४:३०

नॉकआऊटचा ड्रॉ आत्ताच बघितला. पहिलीच मॅच परत यांच्याशीच. म्हणजे ज्या मॅचसाठी पाय सांभाळले ती हीच.

कोचना विचारलंय, या वेळी आधी काही बोलू नका म्हणून. हसले आणि बरं म्हणाले. आईला सांगितलंच नाही कुणाशी आहे ते.

पिवळंकार्ड दादा, मी वळणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

पिवळंकार्ड | बुधवार, दुपारी ४:५२

वळ की. घोटा उतरलाय माझा. मागं असणारच मी, पण बॉललाच येणार.

लाल माती | बुधवार, संध्याकाळी ५:४०

सलामी झाली. आता कुस्ती कधी आहे तेवढं सांगा, नातवाला घेऊन येतो.

डावाबॅक | बुधवार, संध्याकाळी ६:१०

शनिवारी, दुपारी चार. मी सावलीच्या बाजूला, वरून तिसऱ्या पायरीवर. काका, तुमची जागा धरून ठेवतो. शेंगदाणे आपले आपण आणू, खाली मागायला नको.